पाच कोंबड्या, पाच तऱ्हा: परसातल्या कोंबड्यांचा स्वभाव कसा ओळखायचा आणि कसा सांभाळायचा

आमची मुकादम सकाळी खुराड्याचं दार उघडलं की सगळ्यांच्या आधी बाहेर येते. बाहेर आली की दाण्याकडे न जाता माझ्या चपलेच्या अंगठ्यावर एक टोच मारायची. एकच, पण जोरात. दोन महिने मी तिला माजोरी समजत होते. मग एकदा खाली वाकून बघितलं तर चपलेच्या अंगठ्याला लाल मणी शिवलेला. चप्पल बदलली, टोच थांबली.

तेव्हापासून कुठल्याही कोंबडीला 'खडूस' म्हणायच्या आधी मी चार गोष्टी बघते: जागा, दाणा, ऊन आणि कळपातला तिचा नंबर. आपण ज्याला स्वभाव म्हणतो त्यातला निम्मा तरी यातून निघतो आणि तो दुरुस्त करता येतो. उरलेला मात्र तिचा स्वतःचा. तो बदलायच्या फंदात पडू नये, त्याच्याशी जमवून घ्यावं.

घणसोली गावठाणात आमच्या घरामागे दहा बाय चौदाचा परस आहे. एका अंगाला शेजाऱ्यांची भिंत, एका अंगाला शेवगा आणि वर घारींसाठी ताणलेलं मासेमारीचं जुनं जाळं. त्यात पाच कोंबड्या. इमारतीत राहणाऱ्यांनी मात्र पिल्लं आणायच्या आधी सोसायटीचे नियम आणि पालिकेचं म्हणणं विचारून घ्यावं. शेजाऱ्यांशी भांडण झालं की पहिला बळी कोंबड्यांचा जातो.

आधी आठवडाभर नुसतं बसा

कोंबड्या आणल्या की त्यांना उचलून घ्यायचा मोह होतो. तो आवरा. एक स्टूल परसाच्या कोपऱ्यात ठेवा आणि रोज त्याच जागी, जमलं तर त्याच कपड्यांत, पंधरा-वीस मिनिटं बसा. कपड्यांचं मी उगाच म्हणत नाही. गाऊनवर असले की ज्या माझ्या पायात घोटाळतात त्याच कोंबड्या मी पिवळा रेनकोट घातला की किंचाळत शेवग्यामागे जातात.

बघायच्या वेळा चार. सकाळी दार उघडताना कोण आधी बाहेर येते. दाणा टाकल्यावर कोण कुणाला बाजूला सारते आणि कोण लांब उभी राहून वाट बघते. अंडं घालायच्या वेळी कोण कुरकुरत टोपलीभोवती फेऱ्या मारते. आणि संध्याकाळी दांडीवर कोण कुठे बसते. यातली शेवटची वेळ सगळ्यात बोलकी. दिवसभर जे काही ठरलं असेल ते तेव्हा दांडीवर मांडलेलं दिसतं. वरची, आतली, वारा न लागणारी जागा मानाची असते. दाराजवळची, कडेची जागा ज्या कोंबडीला कुणी विचारत नाही तिची.

हे सगळं कालनिर्णयच्या चौकोनात लिहून ठेवा, दुधाचा हिशेब लिहितो तसं. 'ठमी मागे', 'काळीने खाल्लं नाही', एवढं पुरे. महिन्याभराने मागे वळून बघितलं की जे रोज दिसत नव्हतं ते दिसायला लागतं. मला तर ठमी दर पाच-सहा दिवसांनी एक दिवस चिडचिडी असते, हे त्यातूनच कळलं. एक अंडं तयार व्हायला साधारण पंचवीस तास लागतात. त्यामुळे अंड्याची वेळ रोज थोडी थोडी पुढे सरकते, दुपार उलटते आणि मग एक दिवस खाडा पडतो. ठमीचं वेळापत्रक सरकत सरकत मुकादमच्या वेळेवर आलं की दोघींची एकाच टोपलीवरून जुंपायची. चार-पाच कोंबड्यांना एक टोपली पुरते असं म्हणतात, आणि पुरतेही. मी तरी दुसरी ठेवली. खर्च शून्य, केळ्यांची जुनी पाटी.

जात बघा, पण जातीवर विसंबू नका

हे थोडक्यात सांगते. गावठी कोंबडी चपळ, संशयी, उडण्यात पटाईत आणि खुडूक, म्हणजे अंडी उबवायला, बसण्यात पहिली. रोड आयलंड रेड म्हणजे आपल्याकडची आरआयआर: अंडी भरपूर, माणसाची भीती कमी, पण इतर कोंबड्यांवर दादागिरी करण्याकडे कल. ब्लॅक ऑस्ट्रॉलॉर्प सहसा शांत. गिरिराज, वनराजा अंगाने जड, उडण्याची भानगड नाही आणि हाताला लवकर येतात. मूळची झाबुआकडची कडकनाथ बुजरी, सावध, आणि तिला अंड्यांवर बसायचा फारसा सोस नाही. असीलचं रक्त असलं तर जपून. ही झुंजीसाठी जोपासलेली जात आहे आणि तिच्या माद्यासुद्धा भांडण अर्धवट सोडत नाहीत. (झुंजी लावणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, हे जाता जाता.)

जातीवरून मिळतो तो नुसता अंदाज. माझ्या कडकनाथने, म्हणजे काळीने, पहिल्या पावसाळ्यात स्वयंपाकघरात येऊन ओट्याखाली बसायला सुरुवात केली. बुजऱ्या जातीची होती ना?

मान, शेपूट, आवाज

शांत कोंबडीची पिसं अंगासरशी बसलेली असतात, शेपूट वर असते आणि ती पायाने उकरत, दोन पावलं मागे सरत, खाली बघत फिरते. मानेची पिसं फुलली, मान लांब झाली आणि डोकं दुसरीच्या डोक्यापेक्षा उंच गेलं की ते आव्हान समजा. समोरची मान खाली घालून बाजूला झाली तर प्रकरण तिथेच मिटतं. दोघींच्याही माना फुगलेल्या राहिल्या तर उडी आणि लाथ येणार.

मान वाकडी करून एक डोळा आकाशाकडे लावून कोंबडी थिजली असेल तर तुम्हीही वर बघा. नव्वद टक्के घार असते. घारीसाठीचा आवाज वेगळा, लांबट आणि बारीक. तो ऐकून बाकीच्या जागच्या जागी दबतात. जमिनीवरून येणाऱ्या धोक्याला, म्हणजे मांजर, मुंगूस किंवा साप, ठोक्याठोक्याचा मोठा कलकलाट, माना उंच करून. हे दोन आवाज एकदा कानात बसले की स्वयंपाकघरातूनच कळतं की झाडू घेऊन धावायचं की छत्री. अंडं घातल्यावरचा 'कट्‌-कट्‌-कटाक' या दुसऱ्या आवाजासारखाच वाटतो, आणि मी त्याला फसून कुकर अर्धवट सोडून कितीदा तरी बाहेर गेले आहे.

हात जवळ नेला की खाली बसून पंख किंचित पसरणारी तलंग, म्हणजे तरुण कोंबडी, प्रेमात पडलेली नसते. तिला नराची अपेक्षा आहे, म्हणजे ती अंड्यावर आली आहे किंवा येणार आहे. पहिल्यांदा हे दिसलं की एक-दोन आठवड्यांत टोपलीत बघायला लागा.

नंबर कुणाचा कितवा

कोंबड्यांमध्ये चोच मारण्याचा क्रम ठरलेला असतो, हे थोरलाइफ शेल्डरुप-एब्बे नावाच्या नॉर्वेजियन माणसाने १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला लिहून काढलं. लहानपणापासून तो कोंबड्याच बघत बसायचा. आज कचेरीपासून राजकारणापर्यंत सगळीकडे जी 'पेकिंग ऑर्डर' म्हणतात ती त्याच्या कोंबड्यांची देणगी. आपल्या गावठाणातल्या कुठल्याही म्हातारीला हे न वाचता माहीत असतं. माझ्या सासूबाई कोंबड्यांना दाणा टाकताना दोन ठिकाणी टाकतात, एक मूठ दाराशी आणि एक मूठ तुळशीमागे. का, म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "ती खालची कवा खाईल गो?"

दोन भांडी, दोन जागा, आणि एका भांड्यावरून दुसरं दिसू नये. दांडगी कोंबडी एका वेळी एकाच भांड्याची राखण करू शकते. पाणीही दोन ठिकाणी. अंडी देणाऱ्या कोंबडीला दिवसाला ११० ते १२० ग्रॅम दाणा लागतो. पाच जणींना मिळून ६०० ग्रॅम टाकलात तरी खालच्या नंबरची उपाशी असू शकते, कारण वरचीने तिला भांड्याजवळ येऊच दिलं नाही. संध्याकाळी दांडीवर बसल्या की एकेकीची पोतडी, म्हणजे खाल्लेला दाणा साठवायची पिशवी, चाचपून बघा. मानेखाली छातीच्या उजवीकडे ती लागते. भरलेली असेल तर मऊ लिंबाएवढी किंवा त्याहून मोठी. जिची रिकामी लागेल तिला दुसऱ्या दिवशी वेगळं खायला घाला.

खुराड्यात प्रत्येकीला तीन-चार चौरस फूट, बाहेर आठ-दहा चौरस फूट आणि दांडीवर वीत-सव्वा वीत जागा हवी. याहून कमी जागेत ठेवून स्वभावाच्या तक्रारी करणं म्हणजे सकाळी आठच्या ठाणे-वाशी लोकलमध्ये उभ्या बाईला 'तुम्ही इतक्या चिडक्या का' विचारण्यासारखं आहे.

क्रम ठरलेला असताना अधूनमधून पडणाऱ्या एखाद-दुसऱ्या चोचीत आपण मध्ये पडायचं नाही. पडलो की ठरलेलं विस्कटतं आणि भांडण नव्याने सुरू होतं. मध्ये पडायचं ते तीनच वेळा: रक्त दिसलं तर, एकीला सगळ्याच मिळून मारत असतील तर, किंवा एखादी दिवसभर खुराड्यातून बाहेरच येत नसेल तर.

अशा वेळी बहुतेक लोक मार खाणारीला वेगळं काढतात. मीही काढायचे. ती परत गेली की पुन्हा शेवटच्या नंबरवर, उलट जास्त मार. त्याऐवजी मारणारीला काढा. मुकादमला मी एकदा जिन्याखाली जाळीच्या पिंजऱ्यात चार दिवस ठेवलं. तिथून ती कुणाला दिसत नव्हती. तोवर परसातला क्रम तिच्यावाचून लागला. परत आली तेव्हा तिलाच नवखीसारखं वागवलं गेलं. तिसऱ्या दिवशी ती पुन्हा वर पोचली खरी, पण ठमीचा पिच्छा सोडला तो सोडलाच.

नवी कोंबडी आणताना

इथे माझी मोठी चूक सांगते. तीन वर्षांपूर्वी एका विक्रेत्याकडून आरआयआर आणली. 'एकदम गरीब आहे ताई' असं त्याने तीनदा सांगितलं. दुपारी दोन वाजता, ऊन रणरणत असताना, मी पिशवीतून काढून तिला सरळ परसात सोडलं आणि आत चहा टाकायला गेले. चहाला उकळी यायच्या आत परत बाहेर आले तर ती भिंतीच्या कोपऱ्यात डोकं खुपसून उभी आणि चौघी तिच्या पाठीवर. तुऱ्यातून रक्त. कोंबड्यांना लाल रंगाचं वेड असतं. एकदा रक्त दिसलं की ज्या मारत नव्हत्या त्याही मारायला लागतात. तिला उचलून बाथरूममध्ये कोंडलं. तीन दिवस आम्ही बालदी घेऊन बाहेर अंघोळी केल्या. बाथरूमचा वास त्यानंतर आठवडाभर गेला नाही. मुकादम ती हीच, कुणाला विश्वास बसत नाही.

आता मी असं करते. नवी कोंबडी आली की पहिले दोन-तीन आठवडे पूर्ण वेगळी, नजरेआड, वेगळं भांडं, वेगळा झाडू. यात स्वभावापेक्षा रोगाची काळजी जास्त. त्यानंतर सात ते दहा दिवस परसातच, पण मध्ये जाळी. एकमेकींना दिसतात, चोच पोचत नाही. जाळीच्या दोन्ही बाजूंना दाण्याची भांडी हळूहळू जवळ आणायची. जाळीशी येऊन माना फुगवणं थांबलं आणि दोन्हीकडून शेजारी शेजारी खाणं सुरू झालं की वेळ आली.

सोडायचं तेही संध्याकाळी, दांडीवर चढायच्या तासभर आधी, मोकळ्या जागेत. परसात आडोसे ठेवायचे: कलती फळी, उलटी पाटी, झाडाची तोडलेली फांदी. जिच्या मागे धावतात तिला नजरेआड व्हायला जागा मिळाली की पाठलाग तिथे संपतो. पण आडोशाला दोन तोंडं हवीत, नाहीतर तोच सापळा होतो. शक्यतो एकटी आणू नका, दोघी आणा. मार वाटला जातो. आणि लहान तलंगा मोठ्यांच्या जवळपास अंगाच्या झाल्याशिवाय मिसळू नका.

पुढचे तीन-चार दिवस थोडी मारामारी होणारच. ती दिवसागणिक कमी होत असेल तर गप्प बसा.

हाताला कशी लावायची

सासूबाईंचं वाक्य पहिल्या दिवसापासून माझ्या कानात आहे: "कोंबरीला नको पकरू गो, ती येल आपसूक." मी अर्थातच पकडायला धावायचे. कोंबडीच्या डोळ्यांतून बघा: वरून येणारा हात म्हणजे घार आणि मागून धावणारे पाय म्हणजे कोल्हा किंवा कुत्रा. आपण दोन्ही एकदम करतो आणि मग म्हणतो बुजरी आहे.

आमच्याकडे लाच सुक्या जवळ्याची. आगरी-कोळ्यांच्या घरात तो डब्यात असतोच, प्रथिनं भरपूर आणि कोंबड्या त्यासाठी काहीही करतात. खारवलेला असेल तर मात्र पाण्यातून काढून, पिळून द्या. जास्त मीठ त्यांना सोसत नाही. पहिले दोन-तीन दिवस स्टुलावर बसून पायाशी टाका आणि हलू नका. मग तळहातावर घेऊन हात जमिनीला टेकवा. नजर तिच्याकडे रोखू नका, बाजूला बघा. ती मान लांब करून एक दाणा उचलेल आणि पळेल. पळू द्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती पळायची विसरते. मग दुसऱ्या हाताने छातीला खालून बोट लावा, पाठीला वरून नको. बुजरीला हे सगळं व्हायला तीन आठवडे लागतात, धीट असेल तर तीन दिवस.

उचलायचं कसं? बाजूने, खालच्या पातळीवर या. दोन्ही तळवे पंखांवरून घ्या म्हणजे फडफड होत नाही. मग एक हात पोटाखाली, पाय बोटांमध्ये, डोकं तुमच्या कोपराकडे, अंग काखेशी. घट्ट आवळू मात्र नका. कोंबडीला आपल्यासारखा श्वासपटल नसतो, छातीचं हाड पुढेमागे हललं तरच हवा आत जाते. लहान मुलं प्रेमाने छातीशी दाबतात आणि तिचा जीव गुदमरतो. बाजारात पाय धरून उलट्या टांगून नेतात ते बघून शिकू नका.

औषध लावायचं, नखं बघायची, उवा तपासायच्या असतील तर रात्र उत्तम. कोंबड्यांना अंधारात जवळजवळ काही दिसत नाही. दांडीवरून फळ तोडावं तशी उचलता येते. मोबाइलचा उजेड थेट डोळ्यांवर न मारता हाताआडून धरा.

खुडूक

आमची चिमणी, राखाडी गावठी, अंगाने सगळ्यात लहान. एरवी कुणाच्या अध्यात ना मध्यात. एका जुलैत, तीन दिवसांची झड लागली असताना, ती दुपारी टोपलीतून उठेना. हात घातला तर अंग दुप्पट फुगवून कुर्र्‌ असा आवाज केला आणि मनगटावर चोच मारून कातडी सोलली. टोपलीत अंडं एकही नव्हतं. ती एका कांद्यावर बसली होती. कांदा तिथे कसा आला हे आजवर कळलं नाही.

खुडूक कोंबडी रागीट झालेली नसते, तिचं शरीर पालटलेलं असतं. छातीखालची पिसं गळतात किंवा ती स्वतः उपटते, म्हणजे उघडी गरम कातडी अंड्याला लागावी. दिवसातून एकदाच उठते, घाईने खाते, भली मोठी घाण विष्ठा टाकते आणि परत जाते. अंडी बंद होतात. वजन उतरतं.

पिल्लं हवी असतील तर ही संधी. फळलेली अंडी मिळवा, रात्री तिच्याखाली सरकवा, शांत आणि अंधाऱ्या जागी बसवा, २१ दिवस मोजा. तिच्याजवळ पाणी आणि दाणा ठेवा आणि दिवसातून एकदा ती उठते ना एवढं बघा. उठत नसेल तर उचलून दाण्यापाशी ठेवा.

पिल्लं नको असतील तर खुडूक लवकर मोडा. आजोळी नाकपुडीत पीस खुपसायचे, कुणी बालदीत बुडवायचं. दोन्ही क्रूर आहेत, आणि पावसाळ्यात बुडवलेली कोंबडी गारठून आजारी पडते ते वेगळंच. तिच्या पोटाला गारवा मिळाला आणि ऊबदार अंथरूण मिळालं नाही की शरीर आपोआप परत येतं. जाळीच्या तळाचा पिंजरा दोन विटांवर उचलून ठेवा, खालून वारा लागेल असा, उजेडात. आत दाणा, पाणी, पण गवत-भुसा काही नाही. तीन-चार दिवस. पहिल्या-दुसऱ्या दिवशी लक्षात आलं तर एवढ्यात भागतं, दहा दिवस बसू दिली तर आठवडा लागतो. सोडल्यावर ती टोपलीकडे न जाता उकरायला गेली तर सुटली. अंडी परत यायला आणखी काही दिवस लागतात. तोवर चिमणी तिच्या नंबरावरून खाली घसरलेली असते, त्यामुळे पहिले दोन दिवस लक्ष ठेवा.

अंडं फोडणारी, पिसं उपटणारी, उडणारी

अंडं खायची सवय बहुतेक वेळा फुटक्या अंड्यापासून लागते, आणि अंडं फुटतं ते कवच पातळ असल्यामुळे. तिसऱ्यांच्या किंवा कालवांच्या शिंपल्या धुऊन, भाजून, कुटून वेगळ्या वाटीत ठेवा. जिला हवं ती घेते. अंडी दिवसातून दोन-तीनदा उचला, टोपलीवर गोणपाटाचा पडदा लावून अंधार करा, आत टेबल टेनिसचा चेंडू ठेवा. चोच मारून मारून कंटाळते. शेजारच्या काकूंनी अंड्यात तिखट भरून ठेवायला सांगितलं होतं. काळीने ते चवीने खाल्लं. पक्ष्यांना मिरची झोंबतच नाही. म्हणून तर पोपट हिरव्या मिरच्या खातात.

पिसं उपटण्यामागे क्रमाने गर्दी, प्रथिनांची कमतरता, उवा-पिसवा आणि रिकामटेकडेपणा शोधा. नुसत्या कणी-भातावर ठेवलेल्या कोंबड्या एकमेकींची पिसं खातात. अंडी देणारीला १६ ते १८ टक्के प्रथिनांचं लेअर खाद्य हवं, पिसं झडायच्या काळात वरून जवळा. उवांसाठी धुळीची जागा ठेवा: कोरडी माती आणि चाळलेली राख एका पाटीत, पावसात न भिजेल अशी. दुपारी त्यात लोळली की अर्धा स्वभाव सुधारतो. रिकामटेकडेपणावर कोबीचा गड्डा दोरीला टांगून ठेवा, डोक्याहून किंचित वर. जखम झाली असेल तर कोंबडी वेगळी करा, हळद खोबरेल तेलात कालवून लावा, लाल रंग झाकला जाईपर्यंत परत सोडू नका.

उडणारीच्या एकाच पंखाची पुढची दहा पिसं कापा, दोन्हींची नाही. तोल गेला की उडी वाकडी जाते. वाढीच्या, मुळाशी निळसर रक्त असलेल्या पिसांना कात्री लावू नका. पिसं झडून नवी आली की पुन्हा कापावं लागतं.

कोंबडा

अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही. शेजारी इमारत असेल तर ठेवू नका, पहाटे साडेचारला तुमची बाजू घ्यायला कुणी येणार नाही. ठेवलाच तर तो चार-पाच महिन्यांचा झाला की तुम्हाला अजमावतो: एक पंख खाली सोडून तिरका नाचत येतो, मग पायामागच्या काट्याने उडी. मागे सरू नका, पळू नका, लाथ तर अजिबात नको. लाथ म्हणजे त्याच्या भाषेत झुंज स्वीकारली. जागेवर उभे राहा, मग सावकाश त्याच्याकडेच चालत जा, तो वळेपर्यंत. ऐकलं नाही तर उचलून काखेत धरून पाच-दहा मिनिटं परसात कामं करा. महिन्याभराने फरक पडत नसेल आणि घरात लहान मूल असेल, तर तो कोंबडा घरी ठेवू नये. या बाबतीत मी भावूक नाही.

ऊन, पाऊस, फटाके

एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमध्ये सगळ्याच कोंबड्या तिरसट होतात. चोच उघडी, पंख अंगापासून सुटे, असं दिसलं की सावली, मातीच्या परळात गार पाणी आणि जाळीवर ओलं गोणपाट. भांडणं आपोआप कमी होतात. उन्हात कुणालाही पकडू नका, नवी कोंबडी तर नकोच. पावसाळ्यात दोन महिने कोंडून राहिल्याने कुरबुरी वाढतात. परसाच्या निम्म्या भागावर पत्रा आणि खाली कोरडा लाकडाचा भुसा, याला पर्याय नाही. लोकलच्या आवाजाची सवय त्यांना दोन दिवसांत होते. फटाक्यांची होत नाही. दिवाळीत आणि विसर्जनाच्या रात्री अंधार पडायच्या आत आत घ्या, खुराड्यावर जाड गोणपाट टाका. घाबरल्या की एका कोपऱ्यात एकीवर एक चढतात आणि खालची दबते.

स्वभाव एकाएकी बदलला तर

दांडगी कोंबडी अचानक 'गरीब' झाली तर आनंद मानू नका. आजार लपवायचा ही त्यांची रीत. दुबळी दिसली की बाकीच्या मारतात. पिसं फुगवून, मान आखडून, डोळे मिटून कोपऱ्यात उभी, शेपूट खाली, तुरा फिका किंवा जांभळट, अशी दिसली की आधी वेगळी करा. शेपूट हलवत, पेंग्विनसारखी ताठ उभी राहून जोर लावत असेल तर अंडं अडकलं असण्याची शक्यता. पशुवैद्याकडे त्याच दिवशी. हिरवट जुलाब, धाप, मान पिळवटणं ही राणीखेतची, म्हणजे मानमोडीची लक्षणं. तिच्यावर उपचार नाही, लस आहे; पिल्लं आठवड्याची व्हायच्या सुमारास लासोटा आणि पुढचे डोस पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून. एकदम दोन-चार मेल्या तर हात न लावता दवाखान्याला कळवा. आपल्याच जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत, फेब्रुवारी २०२२ मध्ये बर्ड फ्लू निघाला होता. आणि कोंबडी हाताळून झाली की साबणाने हात, मुलांचे तर आठवणीने.

संध्याकाळी दार लावताना दांडीवर हात फिरवून मोजते: मुकादम मध्ये, ठमी तिच्या डावीकडे, काळी भिंतीला, चिमणी काळीच्या पंखाखाली, बया दाराशी. पाच झाल्या की कडी, आणि कडीत खिळा. मुंगसाला नुसती कडी उघडता येते की नाही, यावर आमच्या घरात अजून वाद चालू आहे.